नवा कोच, जुन्या अफवा : भारतीय फुटबॉलबद्दलचे नऊ गैरसमज

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने खालिद जमील यांची पुरुषांच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली. गोव्याचे सॅव्हिओ मेडेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यानंतर १३ वर्षांनी ही जबाबदारी भारतीय माणसाकडे आली, आणि हा माणूस मुंबईच्या मैदानांवर घडलेला होता. घोषणा होताच चाहत्यांचे दोन तट पडले. एका तटाला वाटले की आता भारतीय फुटबॉलचे दिवस पालटणार. दुसऱ्याने ठरवून टाकले की पैसे वाचवण्यासाठी स्वस्तातला माणूस आणला. पुढच्या साडेतीन महिन्यांत सात सामने झाले, आशिया चषकाची वाट बंद झाली आणि दोन्ही तटांच्या हातात ठोस माहितीपेक्षा ऐकीव गोष्टीच जास्त उरल्या.

सोलापुरात क्रिकेट आणि कुस्तीपुढे फुटबॉलचा आवाज लहान आहे. इथला चाहता रात्री जागून युरोपातल्या लीग पाहतो, पण भारताच्या सामन्याचा बहुतेक वेळा फक्त निकाल आणि दोन-तीन मिनिटांची चित्रफीत त्याच्यापर्यंत पोहोचते. पूर्ण खेळ दिसला नाही की अफवेला जागा मिळते. त्यात चाहत्याचा दोष नाही, पण त्या अफवांवर बेतलेला राग चुकीच्या दारावर जाऊन आदळतो. म्हणून एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज १ : “झावी यायला तयार होता, महासंघाने पैशासाठी त्याला नाकारले.”

वस्तुस्थिती : झावी हर्नांडेझ यांनी अर्ज केल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. जुलै २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या या माजी प्रशिक्षकाचे नाव अर्जदारांमध्ये असल्याची बातमी देशभर झळकली. ती खरी वाटण्याला कारण होते : नाव महासंघाच्या आतूनच बाहेर आले होते. मात्र काही दिवसांतच महासंघाने जाहीर केले की झावी आणि पेप ग्वार्डिओला यांच्या नावाने आलेले ईमेल बनावट होते. प्रत्यक्षात सुमारे १७० अर्ज आले. माजी कर्णधार आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने त्यांतून तीन नावे पुढे पाठवली : खालिद जमील, यापूर्वी दोनदा भारताचे प्रशिक्षक राहिलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्लोवाकियाचे माजी राष्ट्रीय प्रशिक्षक स्टेफान टार्कोविच. निवड या तिघांतून झाली. ईमेलची शहानिशा करण्याआधीच नाव बाहेर जाऊ दिले, हा महासंघाचा ढिसाळपणा आहे आणि त्याबद्दल जाब विचारायलाच हवा. पण न आलेल्या माणसाला नाकारल्याचा आरोप जमील यांच्या नेमणुकीवर ठेवता येत नाही.

गैरसमज २ : “भारताला परदेशी कोचच वर काढू शकतो.”

वस्तुस्थिती : प्रशिक्षकाच्या पासपोर्टवरून निकाल ठरत नाहीत. हा समज पसरण्यामागे एक खरी आठवण आहे. २०१५ च्या सुरुवातीला फिफा क्रमवारीत भारत १७० च्या पलीकडे घसरला होता. कॉन्स्टंटाइन यांच्या दुसऱ्या कारकिर्दीत तो पहिल्या शंभरात आला आणि २०१९ च्या आशिया चषकात भारताने थायलंडला ४-१ असे हरवले. त्याआधी बॉब हॉटन यांच्या काळात २००८ चा एएफसी चॅलेंज कप जिंकून भारत २०११ च्या आशिया चषकाला पात्र ठरला होता. हे श्रेय त्यांचेच. पण याच मालिकेत इगोर स्टिमाच आणि मानोलो मार्केझ हेही परदेशीच होते. स्टिमाच यांच्या संघाने २०२३ मध्ये मायदेशात सॅफ स्पर्धा जिंकली, मात्र जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांविरुद्ध हार पत्करली आणि एकही गोल केला नाही. मार्केझ यांच्या वर्षभरात आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, तोही मालदीवविरुद्ध. जगाचा दाखला तर उलटाच आहे. १९३० ते २०२२ या काळात झालेले सर्वच्या सर्व २२ विश्वचषक त्या त्या देशाच्याच प्रशिक्षकांनी जिंकले. दुसरीकडे जर्मन ओटो रेहागेल यांनी ग्रीसला २००४ चा युरो चषक जिंकून दिला आणि डच गुस हिडिंक यांनी दक्षिण कोरियाला २००२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी दाखवली. दोन्ही प्रकारची उदाहरणे हवी तितकी सापडतात. याचा अर्थ एवढाच की राष्ट्रीयत्व ही कसोटी नव्हे.

गैरसमज ३ : “आपला माणूस आला, आता रहीमसाहेबांचा काळ परत येईल.”

वस्तुस्थिती : हा पहिल्या, आशावादी तटाचा समज. तो अभिमानातून आला आहे, म्हणून त्याला हात लावताना संकोच वाटतो. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली भारताने १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवताना मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी तीन गोल केले होते. हैदराबाद सोलापूरकरांना परके नाही. तिथून मुंबईला जाणारा रेल्वेमार्ग आपल्याच स्टेशनातून जातो, आणि रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. या वैभवामागे रहीम यांची प्रतिभा होतीच, पण आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे वेळ : १९५० पासून १९६३ मध्ये कर्करोगाने निधन होईपर्यंत, मधले खंड वगळता, संघ त्यांच्याच विचाराने घडत गेला. दुसरी म्हणजे काळ : कोलकाता, मुंबई आणि हैदराबादच्या स्थानिक लीग जोमात होत्या आणि आशियातले बरेच देश तेव्हा नुकतेच उभे राहत होते. आशियाई फुटबॉल महासंघच १९५४ मध्ये स्थापन झाला. त्यानंतर जपानने १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू करून पाच वर्षांत विश्वचषक गाठला. कतारने २००४ मध्ये अस्पायर अकादमी उभारली. उझबेकिस्तान १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आणि २०२६ च्या विश्वचषकाला पात्रही ठरला. आज भारताच्या प्रशिक्षकासमोर हा बदललेला आशिया उभा आहे. जमील यांच्याकडून रहीम यांच्यासारख्या निकालांची तातडीने अपेक्षा ठेवणे हा त्यांच्यावरचा आणि रहीम यांच्या आठवणीवरचाही अन्याय आहे.

गैरसमज ४ : “खालिदला नशिबाने पद मिळाले. आयझॉलचे विजेतेपद एकदाच लागलेला मटका होता.”

वस्तुस्थिती : आयझॉलची गोष्ट इतकी अद्भुत आहे की ती योगायोगच वाटते. २०१५-१६ च्या आय-लीगमधून हा मिझोरमचा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्यातल्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. पुढच्याच हंगामात, ३० एप्रिल २०१७ रोजी, शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी करून त्याने विजेतेपद पटकावले. मोहन बागान एका गुणाने मागे राहिले. ईशान्येकडे गेलेले हे पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद. पण जमील यांचे काम त्याआधीही दिसत होते आणि नंतरही दिसले. २००९ ते २०१६ या काळात त्यांनी तुटपुंज्या साधनांच्या मुंबई एफसीला दर हंगामात अव्वल श्रेणीत टिकवले. ते गेल्यावर पहिल्याच हंगामात तो क्लब तळाला जाऊन बाहेर पडला. २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची सूत्रे हंगामाच्या मध्यात हाती घेऊन त्यांनी संघाला बाद फेरीत नेले. इंडियन सुपर लीगमध्ये भारतीय प्रशिक्षकाने असे करण्याची ती पहिलीच वेळ. २०२४-२५ मध्ये जमशेदपूर त्यांच्या हाताखाली लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम सामन्यात पोहोचले. चार क्लब, चार वेगळ्या परिस्थिती आणि प्रत्येक ठिकाणी अपेक्षेपेक्षा पुढचा निकाल. याला नशीब म्हणता येत नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. क्लबमध्ये रोज सराव मिळतो, राष्ट्रीय संघात तो मिळत नाही. क्लबमधले यश हा पात्रतेचा पुरावा असतो, राष्ट्रीय संघाच्या यशाची हमी नसते.

गैरसमज ५ : “खालिद बचावात्मक खेळवतो, म्हणूनच गोल होत नाहीत.”

वस्तुस्थिती : पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, दुसरा नाही. जमील यांचे संघ बचाव घट्ट ठेवतात, चेंडू लवकर पुढे पाठवतात, आणि कॉर्नर, फ्री किक व लांब थ्रो-इन यांवर मेहनत घेतात. ही शैली डोळ्यांना नेहमीच सुखावते असे नाही. पण आकडे पाहा. मार्केझ यांच्या आठ सामन्यांत भारताने पाच गोल केले, त्यांतले तीन एकट्या मालदीवविरुद्ध. जमील यांच्या पहिल्या सात सामन्यांतही पाचच गोल झाले. पासिंगवर भर देणारे मार्केझ आणि थेट खेळणारे जमील, दोघांनाही गोलचा दुष्काळ सारखाच भोवला. त्याचे मूळ क्लबांमध्ये आहे. सुपर लीगच्या संघाला मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळाडू उतरवता येतात आणि त्यांतला एक बहुतेक वेळा स्ट्रायकर असतो. त्यामुळे भारतीय आघाडीवीर बाकावर बसतो किंवा त्याला विंगवर खेळवले जाते. जून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या सुनील छेत्री यांना मार्च २०२५ मध्ये, चाळिशीत, परत बोलवावे लागले ते याच कारणाने. २०२४-२५ च्या लीगमध्ये १४ गोल करून भारतीयांमध्ये सर्वांत पुढे तेच होते. जो स्ट्रायकर क्लबकडून वर्षभर त्या जागी खेळतच नाही, त्याला राष्ट्रीय प्रशिक्षक दहा दिवसांच्या शिबिरात घडवू शकत नाही.

गैरसमज ६ : “२०२७ चा आशिया चषक खालिदने घालवला.”

वस्तुस्थिती : ज्या सामन्यात आशा संपल्या तो जमील यांच्या काळातला, म्हणून दोष त्यांच्या नावावर चढला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावला सिंगापूरविरुद्ध लालियनझुआला छांगटे यांनी चौदाव्या मिनिटालाच गोल केला आणि तरीही भारत १-२ असा हरला. आघाडी घेऊन घरच्या मैदानावर झालेला तो पराभव जिव्हारी लागणारा होता, आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षकाला घ्यावीच लागेल. पण पात्रता फेरीच्या गटातून एकच संघ पुढे जाणार होता आणि सामने सहाच होते. जमील येण्याआधी त्यांतले दोन संपले होते. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१ असा पराभव. सहा गुणांपैकी हाती आला होता एक. ९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये संदेश झिंगन लाल कार्ड मिळून बाहेर गेल्यावर दहा खेळाडूंच्या भारताने नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीच्या गोलने बरोबरी साधली, परतीच्या सामन्याला मात्र झिंगन मुकले. या काळात सप्टेंबरमध्ये सुरू होणारी सुपर लीग हक्कांच्या कराराच्या तिढ्यात अडकली होती आणि २०२५ साल संपेपर्यंत तिचा चेंडू हलला नाही. निर्णायक सामने खेळायला उतरलेल्या अनेक खेळाडूंच्या पायाखाली लीगचा एकही सामना नव्हता. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशाकडून ०-१ अशी हार झाली, २००३ नंतर पहिल्यांदाच, आणि क्रमवारीत भारत १४२ वर घसरला. हे सारे जमील यांच्या खात्यावर नोंदले जाईल. पण अपात्रतेचा पाया त्यांच्या आधीच रचला गेला होता.

गैरसमज ७ : “कोच मुद्दाम चांगले खेळाडू घेत नाही. परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू तर त्याला नकोच आहेत.”

वस्तुस्थिती : यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. पहिली क्लबांची. फिफाने ठरवून दिलेल्या तारखांतच खेळाडू सोडणे क्लबांना बंधनकारक असते. जमील यांची पहिली स्पर्धा, मध्य आशियातला काफा नेशन्स कप, २९ ऑगस्टला सुरू झाली. फिफाच्या तारखा १ सप्टेंबरपासून होत्या. मोहन बागानने या स्पर्धेसाठी खेळाडू सोडले नाहीत. यादीत नावे न दिसण्यामागे प्रशिक्षकाचा आकस नव्हता, नियम होता. अशा संघाने यजमान ताजिकिस्तानला २-१ असे हरवले आणि तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले, हेही त्याच यादीसोबत आठवायला हवे. दुसरी गोष्ट नागरिकत्वाची. परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही, आणि २००८ पासून केंद्र सरकारचे धोरण असे की राष्ट्रीय संघात भारतीय पासपोर्टधारकच खेळेल. पुणे एफसीकडून खेळलेले जपानमध्ये जन्मलेले इझुमी अराता यांनी जपानी नागरिकत्व सोडले, तेव्हाच त्यांना भारताची जर्सी मिळाली. बंगळूरचे रायन विल्यम्स यांनी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून हीच वाट धरली. इंग्लंड किंवा जर्मनीत क्लबशी करार असलेल्या खेळाडूला पासपोर्ट बदलणे म्हणजे तिथल्या कामाचा हक्क पणाला लावणे असते. हा निर्णय खेळाडूचा आणि सरकारी धोरणाचा आहे, प्रशिक्षकाच्या हातात त्यातले काही नाही.

गैरसमज ८ : “१४० कोटींच्या देशात ११ खेळाडू मिळत नाहीत, म्हणजे निवडणाराच आंधळा.”

वस्तुस्थिती : हे वाक्य प्रत्येक पराभवानंतर ऐकू येते, कारण त्यातला हिशोब वरवर बिनतोड वाटतो. पण फुटबॉलमध्ये लोकसंख्या मोजून उपयोग नसतो. लहान वयापासून चांगल्या प्रशिक्षकाखाली नियमित सामने खेळणारी मुले किती, हे मोजावे लागते. चीनची लोकसंख्याही १४० कोटींच्या घरात आहे आणि त्यांचा पुरुष संघ विश्वचषकात एकदाच, २००२ मध्ये, खेळला. उलट २०१८ च्या विश्वचषकात खेळलेल्या आइसलँडची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास होती. २०२६ च्या विश्वचषकाला पात्र ठरलेल्या केप व्हर्देची पाच लाखांच्या आसपास आहे, तर क्युरासाओची अवघी दीड लाख. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या सोलापूर शहरात साडेनऊ लाख माणसे राहत होती. क्युरासाओचे बहुतेक खेळाडू नेदरलँड्समध्ये घडले हे खरे, पण त्यातून मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. खेळाडू घडतो तो व्यवस्थेत. आपल्याकडे शालेय फुटबॉलच्या तालुका आणि जिल्हा स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. पहिल्याच सामन्यात हरलेला संघ त्या दिवशी घरी जातो आणि त्या मुलांचे स्पर्धात्मक वर्ष तिथेच संपते. लीग पद्धतीत तीच मुले हंगामभर खेळली असती. ही तफावत सहाव्या-सातव्या वर्षापासून साचत जाते, आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या वाट्याला पंचविशीत पोहोचलेला खेळाडू येतो. उभ्या पिकाला पाणी न देता कापणी करणाऱ्याला बोल लावावा, तसे हे आहे.

गैरसमज ९ : “हरला की कोच बदला, संघ आपोआप सुधारेल.”

वस्तुस्थिती : प्रशिक्षक बदलल्यावर काहीतरी घडले असे वाटते, म्हणून ही मागणी सर्वांत लवकर जोर धरते. महासंघालाही ती सोयीची असते. एक माणूस गेला की बाकीचे प्रश्न काही महिने मागे पडतात. जून २०२४ मध्ये स्टिमाच यांना काढले, जुलै २०२५ मध्ये मार्केझ परस्पर संमतीने गेले, ऑगस्टमध्ये जमील आले. चौदा महिन्यांत तीन प्रशिक्षक. या अवधीत सामने जिंकण्याचे प्रमाण सुधारले नाही, गोलही वाढले नाहीत. खर्च मात्र झाला : स्टिमाच यांच्याशी करार मध्येच तोडल्यामुळे महासंघाला सुमारे चार लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. एवढ्या पैशात किती जिल्ह्यांत मुलांच्या लीग चालल्या असत्या, हा विचार चाहत्याने करायला हवा. मार्केझ तर बराच काळ एफसी गोवा आणि राष्ट्रीय संघ अशा दोन्ही जबाबदाऱ्या एकाच वेळी सांभाळत होते. ती व्यवस्था मंजूर करणारेही महासंघाचेच लोक होते. जमील यांचा करार दोन वर्षांचा आहे आणि तो वाढवण्याची तरतूद आहे. त्यांचे मूल्यमापन जरूर व्हावे, पण कसोट्या आधी ठरलेल्या असाव्यात : तरुण खेळाडूंना किती संधी मिळाली, आपल्या बरोबरीच्या संघांविरुद्ध निकाल कसे लागले, आघाडी मिळाल्यावर संघ ती राखायला शिकला का. या कसोट्यांवर ते उतरले नाहीत तर त्यांना बदलणे रास्त ठरेल. एका मडगावच्या किंवा एका ढाक्याच्या रागावर तो निर्णय होऊ नये.

या नऊही समजांच्या मुळाशी एकच धारणा आहे. राष्ट्रीय संघ म्हणजे प्रशिक्षक, आणि तो बदलला की सगळे बदलते. प्रशिक्षक हा साखळीतला शेवटचा दुवा असतो. त्याच्याआधी शाळा, जिल्हा संघटना, राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, क्लब, लीग आणि राष्ट्रीय महासंघ येतात. सगळा राग शेवटच्या दुव्यावर ओतला की आधीचे सगळे सुटतात.

महाराष्ट्रात ही साखळी उभी राहू शकते, याचा पुरावा सोलापूरपासून दूर नाही. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांसारख्या तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर दर हंगामात लीग खेळतात आणि पेठापेठांतून हजारो माणसे ते सामने पाहायला जातात. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे वरिष्ठ संघातही आला. महाराष्ट्राने, म्हणजे पूर्वीचा मुंबई संघ धरून, संतोष करंडक चार वेळा जिंकला आहे. इथे खेळाडू होत नाहीत, असे म्हणायला जागा नाही. खेळाडू होतात ते जिथे लीग चालते तिथे.

सोलापूरच्या फुटबॉलप्रेमीला म्हणूनच एक विनंती. जमील यांच्या संघावर टीका जरूर करा, पण पूर्ण सामना पाहून करा आणि पुढे पाठवण्याआधी बातमी पडताळा. त्यासोबत आपल्या जिल्ह्यात १३ आणि १५ वर्षांखालील मुला-मुलींची लीग का होत नाही, त्यांना वर्षाला किती सामने मिळतात, हा प्रश्न जिल्हा संघटनेला, क्रीडा कार्यालयाला आणि आपल्या मुलांच्या शाळेला लेखी विचारा. शाळेचा सामना असेल त्या दिवशी मैदानावर जाऊन उभे राहा. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक कोण असावा हे सोलापुरातून ठरत नाही. पुढच्या प्रशिक्षकाला निवडायला खेळाडू किती मिळतील, हे मात्र सोलापूरसारख्या जिल्ह्यांतूनच ठरते.